पुण्यातली पहिली नोकरी, ऑफरचा आकडा आणि महिन्याचा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, बीड, यवतमाळ, जळगाव, सोलापूर या भागांतून दरवर्षी हजारो मुलंमुली पदवी किंवा डिप्लोमा घेऊन पुण्यात येतात. ऑफर हातात पडते तेव्हा घरी पेढे वाटले जातात. पहिला पगार जमा झाल्यावर मात्र खोलीभाडं, मेस आणि कर्जाचा हप्ता भागवताना पाच तारखेलाच खातं रिकामं होतं. मी पुण्यात पगारपत्रकं तयार करण्याचं काम करते. हे प्रश्न ओळखीतली, नात्यातली, ऑफिसात नव्याने आलेली मुलं मला सतत विचारतात. खर्चाचे आकडे २०२५ मधले आणि अंदाजे आहेत. कायद्यातले आकडे नेमके आहेत.

ऑफर लेटरवर वर्षाला ३,६०,००० लिहिलंय. म्हणजे महिन्याला ३०,००० मिळणार ना?

नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. ऑफर लेटरवरचा आकडा सीटीसीचा असतो, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा वर्षभरात होणारा एकूण खर्च. त्यात तुमच्या हातात कधीच न येणाऱ्या किंवा फार उशिरा येणाऱ्या रकमाही धरलेल्या असतात. पूर्ण हिशोब मांडूनच दाखवते.

महिन्याचे ३०,००० धरा. १० टक्के व्हेरिएबल असेल तर ३,००० तिथेच बाजूला गेले. ते तिमाहीला किंवा वर्षाअखेरीस मिळतात, तेही कंपनीची आणि तुमची कामगिरी पाहून. बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, १५,००० असेल तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) १२ टक्के, म्हणजे १,८००. ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना एकरकमी मिळणाऱ्या पैशांची) तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ७२२. ग्रुप विम्याचा हप्ता समजा ४७८. हे सगळं वजा केल्यावर उरतो २४,००० चा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार: बेसिक १५,०००, घरभाडे भत्ता ६,००० आणि विशेष भत्ता ३,०००.

आता या २४,००० मधून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० कापला जाईल. व्यवसाय कर २०० कापला जाईल (फेब्रुवारीत ३००). खात्यात जमा होतील २२,०००. इन्कम टॅक्सची काळजी या पातळीला नको. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत पगारदारांना १२.७५ लाखांपर्यंत कर लागत नाही.

थोडक्यात ३०,००० चे २२,००० झाले. यात कंपनीने काही फसवलेलं नाही, सगळं कायदेशीर आहे. पण आईला फोनवर "तीस हजाराची नोकरी लागली" असं सांगून बसलात तर पुढची दोन वर्षं घरचे त्याच आकड्यावर हिशोब करत राहतात.

सीटीसी वर्षाला २,४०,००० असेल तर?

व्हेरिएबल नाही असं धरलं तरी १०,००० बेसिकवर हातात साधारण १६,२०० येतात. इथे एक फरक पडतो. ग्रॉस पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू होते. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, कंपनी ३.२५ टक्के भरते आणि ते बहुतेक वेळा सीटीसीतच धरलेलं असतं. ही कपात पाहून नाक मुरडू नका. अवलंबून असलेले आईवडीलही त्या कार्डावर उपचार घेऊ शकतात. पुण्यात बिबवेवाडीला आणि चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयसीची रुग्णालयं आहेत. कार्ड काढून घ्या, पावसाळ्यात डेंग्यूने चार दिवस दाखल व्हायची वेळ आली की त्याची किंमत कळते.

पुण्यात एका माणसाला महिन्याला किती लागतात?

काटकसरीने राहणाऱ्या, पण उपाशी न राहणाऱ्या मुलाचा हिशोब सांगते. तो हिंजवडीत कामाला आहे आणि जवळच वाकडला पीजीत (पेइंग गेस्ट म्हणून) तिघांच्या खोलीत राहतो.

जेवणासह पीजी ९,००० च्या आसपास. बसचा मासिक पास १,५०० (जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर पीएमपीएमएलचा दोन्ही शहरांसाठीचा पास इतका झाला). मोबाइल ३००. पीजीचं जेवण रविवारी संध्याकाळी बहुतेक ठिकाणी बंद असतं. शिवाय चहा, सकाळचे पोहे, उशिरा सुटल्यावर बाहेर खाल्लेली पावभाजी, हे सगळं धरून २,०००. साबण, केस कापणं, चप्पल, कपडे मिळून १,०००. गावी जाण्यायेण्याचे महिन्याला १,०००, कारण दिवाळीत खाजगी बसचं तिकीट दुप्पट होतं आणि ते पैसे कुठून तरी आधी बाजूला पडावे लागतात. औषधपाणी ५००.

बेरीज १५,३००. यात सिनेमा नाही, मित्राच्या लग्नाचा आहेर नाही, मोबाइल फुटला तर नवा नाही.

मध्य पुण्यात कॉट बेसिसवर (खोलीतली फक्त एक खाट भाड्याने घेऊन) राहून मेस लावली तर दोन-अडीच हजार वाचतात. सदाशिव पेठ, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं वर्षानुवर्षं तशीच राहतात. पण तिथून हिंजवडी किंवा खराडी गाठायची तर जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये जातात आणि वाचलेले पैसे रिक्षात घालायची वेळ येते. मेट्रोच्या रस्त्यावर ऑफिस असेल तर गोष्ट वेगळी. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी ते स्वारगेट हे दोन मार्ग सुरू आहेत. येरवडा, शिवाजीनगर, पिंपरी या बाजूला काम असेल तर खोली शोधताना आधी स्टेशनं बघा.

हातात २२,००० आणि खर्च १५,३००. म्हणजे बरेच उरतात की!

६,७०० उरतात. आता शैक्षणिक कर्ज बघू. ४ लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत, तर हप्ता साधारण ५,४०० बसतो. उरले १,३००.

ज्याच्यावर कर्ज नाही तो याच पगारात घरी चार हजार पाठवू शकतो. ज्याच्यावर आहे, त्याला एक दात काढायचा झाला तरी उसने घ्यावे लागतात. वर्गातल्या मित्राने ऑफर आनंदाने घेतली म्हणून ती तुम्हालाही पुरेल असं नाही. त्याच्या वडिलांचा निगडीत फ्लॅट असेल.

बँकेच्या नेहमीच्या योजनेत अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. पण त्या काळातही व्याज चढत असतं. पहिल्या वर्षात निदान व्याजापुरते पैसे भरत राहा.

मग किती पगाराच्या खाली अजिबात जाऊ नये?

सगळ्यांना लागू पडेल असा आकडा मी देणार नाही. तुमचा आकडा तुम्हीच काढायचा: राहणं, खाणं आणि प्रवास, त्यात कर्जाचा हप्ता, त्यात घरी पाठवायलाच लागणारी रक्कम आणि वर दोन हजार अडीअडचणीला. ही बेरीज तुमच्या हातात येणाऱ्या पगाराशी ताडून बघा, सीटीसीशी नाही. मुलाखतीला जाण्याआधी हा आकडा वहीत लिहून ठेवा. समोरचा माणूस घाई करत असताना मनातल्या मनात हिशोब जमत नाही, आणि नेमकं तेव्हाच "चालेल सर" तोंडून निघून जातं.

माझ्या पाहण्यात, एकट्याने राहणाऱ्या आणि कर्ज नसलेल्या माणसाला पुण्यात हातात १८,००० च्या खाली आले की जेवणात काटछाट सुरू होते. आधी सकाळचा नाश्ता बंद होतो, मग फळं आणि दूध. काही महिन्यांनी त्याचा परिणाम तब्येतीवर दिसतो. ही बचत मला अजिबात मान्य नाही.

पहिला पगार येईपर्यंत किती पैसे जवळ हवेत?

पंचवीस ते तीस हजार. ऐकून पोटात गोळा येतो, मला माहीत आहे, पण आधीच कळलेलं बरं.

पीजीवाले एक महिन्याचं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ घेतात, म्हणजे तिथेच १८,००० गेले. गादी, बादली, चादरी. आणि एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: बऱ्याच कंपन्यांत पगारपत्रक महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास बंद होतं. तुम्ही २२ तारखेला रुजू झालात तर त्या आठ-नऊ दिवसांचे पैसे पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर येतात. म्हणजे चाळीस दिवस खिशातले पैसे खायचे. रुजू व्हायची तारीख निवडायची मुभा असेल तर एक तारीख मागा. मागायला काही लागत नाही आणि बहुतेक वेळा मिळते.

तीन-चार मित्र मिळून फ्लॅट घेणार असाल तर डिपॉझिट दोन-तीन महिन्यांचं आणि एजंटची दलाली बहुधा एका महिन्याची. वाकडला वन बीएचके अठरा ते बावीस हजारांत मिळतो, माणशी भाडं पीजीपेक्षा कमी पडतं, पण सुरुवातीला मोठी रक्कम लागते. पहिले सहा महिने पीजीत काढून मग फ्लॅट घ्यावा, असं मी मुलांना सुचवते. करार लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीच्या भाड्याचा) आणि नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर डिपॉझिट परत मिळवताना तुमच्या हातात कागद नसतो.

"पगार कमी आहे, पण शिकायला खूप मिळेल" असं म्हणतात. घ्यावी का अशी नोकरी?

कधीकधी घ्यावी. पण आधी एक गोष्ट स्पष्ट डोळ्यांसमोर ठेवा. हातात १४,००० येत असतील, खर्च १८,००० असेल आणि वरचे चार हजार घरून येत असतील, तर कंपनीच्या पगारखर्चातला वाटा तुमचे आईवडील उचलत आहेत. कापूस विकून, शिलाई करून, निवृत्तीच्या पैशातून. ते आनंदाने देतील. म्हणूनच ते किती महिने घ्यायचे हे तुम्ही ठरवायचं.

"शिकायला मिळेल" हे तपासता येतं. विचारा: मला पहिल्या तीन महिन्यांत कोणतं काम देणार? शिकवणारा वरिष्ठ कोण, तो त्याच ऑफिसात बसतो का? गेल्या वर्षी याच पदावर आलेली मुलं आता काय करतात? खरंच शिकवणाऱ्या छोट्या कंपनीचा मालक यावर अर्धा तास बोलतो. मी अशा कंपन्या पाहिल्या आहेत. सात-आठ माणसांचं टूल डिझाइनचं ऑफिस भोसरीत, पगार तुटपुंजा, पण दीड वर्षात मुलगा स्वतंत्रपणे फिक्श्चर डिझाइन करायला लागला आणि पुढच्या नोकरीत पगार दुप्पट झाला. दुसरीकडे "लर्निंग" च्या नावाखाली एक्सेलमध्ये नुसती नावं भरून घेणारीही ऑफिसं आहेत. तिथे दोन वर्षं काढलेल्या मुलीच्या बायोडेटावर लिहायला काही नसतं.

घेणार असाल तर मुदत ठरवा, सहा महिने किंवा जास्तीत जास्त वर्ष, आणि ती घरीही सांगा. पगाराचा आढावा कधी घेणार हे ऑफर लेटरमध्ये लिहून मागा. तोंडी "सहा महिन्यांनी बघू" याला काही अर्थ नसतो, कारण सहा महिन्यांनी ते बोलणारा मॅनेजर तिथे असेलच असं नाही.

सुरुवातीचा पगार दहा वर्षांपासून तेवढाच आहे असं म्हणतात. खरं आहे का?

मोठ्या आयटी सेवा कंपन्यांच्या सरसकट भरतीपुरतं बोलायचं तर बऱ्याच अंशी खरं आहे. तीन ते चार लाखांची सुरुवात तेव्हाही होती आणि आजही आहे. याच काळात महागाई थांबलेली नव्हती. २०१२ साली १०० धरलेला ग्राहक किंमत निर्देशांक २०२५ मध्ये १९० च्या पुढे होता. म्हणजे तेव्हा १०० रुपयांत येणाऱ्या वस्तूंना आज जवळपास दुप्पट लागतात, आणि सुरुवातीचा पगार जागच्या जागी.

ऑगस्ट २०२४ मध्ये कॉग्निझंटच्या वर्षाला २.५२ लाखांच्या भरतीवरून देशभर चर्चा झाली. कंपनीने नंतर खुलासा केला की तो पगार बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांसाठी आहे, अभियंत्यांना ४ ते १२ लाख देतात. खुलासा मान्य केला तरी २.५२ लाखांत शहरात राहायचं कसं, हा बीएस्सी झालेल्या मुलाचा प्रश्न तसाच राहतो. बीएस्सीवाल्याला खोली काही स्वस्तात मिळत नाही.

हे मुद्दाम सांगते आहे, कारण काका-मामा म्हणतात, "आम्ही तर पाच हजारावर सुरुवात केली होती." त्यांनी कष्ट केलेच. पण त्या पाच हजारांत तेव्हा काय काय यायचं, हेही त्यांना प्रेमाने विचारा.

एचआर विचारते, "तुमची अपेक्षा किती?" काय सांगू?

आकडा सांगा, आणि तो वर्षाचा की महिन्याचा, सीटीसी की हातात येणारा, हे त्याच वाक्यात सांगा. "ॲज पर कंपनी नॉर्म्स" म्हणालात की आकडा ठरवायचं काम पूर्णपणे त्यांच्याकडे गेलं.

असं म्हणता येईल: "मॅडम, या पदाला आणि पुण्यातला खर्च बघता मला महिन्याला हातात चोवीस ते सव्वीस हजार अपेक्षित आहेत. फिक्स्ड आणि व्हेरिएबल किती, त्याचा ब्रेकअप मेलवर मिळाला तर मी उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर देतो." इंग्रजीत बोलायचं दडपण असेल तर हेच दोन वाक्यांत घरी बोलून बघा.

घरच्या अडचणी सांगून पगार मागू नका. वडिलांचं आजारपण, बहिणीचं लग्न हे ऐकून समोरच्याला वाईट वाटेल, पण त्याच्याकडे मंजुरीसाठी पाठवायला कारण नसतं. तुम्ही केलेला प्रोजेक्ट, येणारं सॉफ्टवेअर, इंटर्नशिपमध्ये हाताळलेलं मशीन, दुसरी ऑफर, ही कारणं त्याला वर पाठवता येतात.

जास्त मागितले तर ऑफर काढून घेतील का?

नम्रपणे एकदा विचारल्याने ऑफर गेलेली मी पाहिलेली नाही. "शक्य नाही" असं उत्तर येतं, इतकंच. कॅम्पसमधून शेकड्याने भरती होते तिथे आकडा ठरलेला असतो, त्यात एचआरचा हात बांधलेला असतो. तिथे पगाराऐवजी इतर गोष्टी विचारा: कोणतं शहर, कोणती शिफ्ट, कंपनीची बस आहे का, तिचे पैसे कापतात का, कॅन्टीनमध्ये सवलत आहे का. फुकट बस आणि एक वेळचं जेवण म्हणजे महिन्याला तीन हजारांची पगारवाढच. चाकण-रांजणगावच्या बऱ्याच कारखान्यांत ही सोय असते, म्हणून तिथला कमी दिसणारा पगार कधीकधी हिंजवडीपेक्षा जास्त पुरतो.

आधीच्या कंपनीत पगार फार कमी होता. नवी कंपनी सॅलरी स्लिप मागते आणि त्यावर ३० टक्के वाढवून देऊ म्हणते.

खोटी स्लिप बनवू नका. पीएफच्या नोंदीवरून आणि फॉर्म १६ वरून (कंपनी देते त्या करकपातीच्या दाखल्यावरून) ते उघडं पडतं आणि रुजू झाल्यानंतरही नोकरी जाते. स्लिप खरी द्या आणि म्हणा, "तो पगार माझ्या पहिल्या वर्षाचा होता. या कामाची बाजारातली पट्टी अमुक आहे, मी त्यानुसार बोलतोय." पहिल्या नोकरीतला तुटपुंजा पगार पुढच्या प्रत्येक पगाराचा पाया धरला जातो, हा मला या सगळ्या व्यवहारातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. एकदा १२,००० वर सुरुवात केलेल्या मुलीला टक्क्यांच्या वाढीने २५,००० गाठायला चार-पाच वर्षं लागतात. त्यामुळे दुसऱ्या नोकरीच्या वेळी टक्क्यांत बोलू नका, रकमेत बोला.

पीएफ नको म्हटलं तर हातात जास्त येतील. तसं करू का?

बेसिक १५,००० किंवा त्याहून कमी असेल आणि आस्थापनेला पीएफ लागू असेल तर तो पर्याय तुम्हाला नाहीच. बेसिक त्याहून जास्त आणि पहिलीच नोकरी असेल तर नाकारता येतो, पण करू नका. १५,००० बेसिकवर तुमचे १,८०० आणि कंपनीचे १,८०० जमा होतात. कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शनकडे जातात, बाकीचे तुमच्या पीएफ खात्यात. २०२४-२५ साठी व्याज ८.२५ टक्के होतं. नोकरी सुटली, घरात आजारपण आलं, तर याच खात्याचा आधार होतो.

यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) मिळाला की पासबुक उघडून दर दोन महिन्यांनी बघा. पगारातून पीएफ कापला आहे आणि खात्यात भरलेला नाही, असंही घडतं.

नव्या कामगार कायद्यांनी हातात येणारा पगार कमी होणार का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यात वेतनाची नवी व्याख्या आहे: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनातच धरायची. पूर्वी काही कंपन्या बेसिक मुद्दाम सहा-सात हजार ठेवून बाकी भत्ते दाखवायच्या. त्यांच्याकडे पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा हिशोब वाढतो, म्हणून सीटीसी तेवढीच राहिली तर हातात थोडे कमी पडू शकतात. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, आधी पाच वर्षांची अट होती. करारावरच्या मुलांनी हे लक्षात ठेवून नोकरी सोडताना मागावं.

दोन वर्षांचा बाँड मागतात, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार. सही करू का?

बाँड म्हटला की तो आपोआप बेकायदेशीर, हा समज सोडा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. ती सार्वजनिक बँक होती आणि भरतीचा खर्च हा तिथे मुद्दा होता. तेव्हा सही करण्याआधी रक्कम वाचा, मुदत वाचा, आणि प्रशिक्षण खरंच देणार आहेत का ते बघा. पगार १५,००० आणि बाँड दोन लाखांचा असेल तर मी नाही म्हणेन.

मूळ मार्कशीट आणि पदवी प्रमाणपत्र कोणत्याही कंपनीकडे ठेवायला देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ कागद त्याच दिवशी परत घेऊन या.

ट्रेनिंगचे पैसे भरा, मग नोकरी देतो म्हणतात.

भरू नका. नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा.

अप्रेंटिसशिप (शिकाऊ उमेदवारी) घेऊ का? स्टायपेंडमध्ये पुण्यात राहता येईल का?

फक्त स्टायपेंडवर राहणं कठीण आहे. २०१९ च्या नियमांनुसार पदवीधर अप्रेंटिसला किमान ९,००० आणि डिप्लोमाधारकाला किमान ८,०००. मोठ्या वाहन कंपन्या यापेक्षा जास्त देतात, शिवाय जेवण आणि बस. राज्य सरकारच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० विद्यावेतन ठरलं. ते तालुक्याच्या गावी घरी राहून घेणाऱ्याला ठीक आहे. पुण्यात भाड्याने राहून नाही.

एक बघा: अप्रेंटिसचा करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे ना? नोंद असेल तर शेवटी प्रमाणपत्र मिळतं आणि त्याला किंमत आहे. "ट्रेनी" म्हणून कंत्राटदाराच्या हजेरीपटावर घातलं असेल तर ती अप्रेंटिसशिप नाही. मग किमान वेतन, पीएफ, ईएसआयसी आणि ओव्हरटाइमचे दुप्पट दर हे सगळे हक्क तुम्हाला लागू होतात. चाकणला बारा तासांची ड्युटी करून "महिन्याला वीस हजार पडतात" म्हणणारी मुलं भेटतात. त्यांनी आठ तासांचे किती आणि ओव्हरटाइमचे किती हे वेगळं मांडून बघावं. मंदी आली की ओव्हरटाइम सगळ्यात आधी बंद होतो आणि हातात बारा-तेरा हजार उरतात.

गावाजवळ १५,००० हातात मिळतात, पुण्यात २२,०००. कुठे जाऊ?

पैशाचा हिशोब सोपा आहे. संभाजीनगरात घरी राहून वाळूजला जाणाऱ्या मुलाला १५,००० मधून जाण्यायेण्याचे आणि स्वतःच्या खर्चाचे चार हजार गेले तरी अकरा उरतात. पुण्यात २२,००० मधून ६,७०० उरतात. पहिल्या वर्षी घरचा पगार जिंकतो.

पण मी दुसरा प्रश्न विचारते: तुमची दुसरी नोकरी कुठे असेल? तुमच्या कामाच्या किती कंपन्या त्या शहरात आहेत ते मोजा. मेकॅनिकलवाल्याला वाळूज, शेंद्रा, नाशिकचं सातपूर-अंबड, कोल्हापूरचं शिरोली इथे पाच-दहा पर्याय सापडतात. तिथून सुरुवात करण्यात काहीच कमीपणा नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंग करणाऱ्या मुलीला जिल्ह्याच्या गावात एकच कंपनी असेल तर तिथे पगार वाढायला दुसरा मालकच नाही. नागपूरला विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात आता बऱ्यापैकी आयटी आहे, विदर्भातल्यांनी पुण्याचं तिकीट काढण्याआधी ते बघावं.

आईवडिलांची तब्येत, शेतीची कामं, घरात धाकटं कोणी शिकत असणं, हीसुद्धा खरी कारणं आहेत. त्यांच्यासाठी घरी राहणाऱ्याला "करिअरचं नुकसान केलंस" असं कुणी म्हणू नये.

मुलींसाठी हिशोब वेगळा असतो का?

हो, खर्च जास्त येतो. सुरक्षित, ऑफिसजवळची खोली हवी म्हणून भाडं हजार-दोन हजार जास्त. उशिरा सुटलं की बसऐवजी रिक्षा. व्यवसाय करात थोडी सवलत आहे: महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो लागत नाही, म्हणून वरच्या उदाहरणात तिच्या हातात २२,२०० येतील.

रात्रपाळी असेल तर वाहनाचं आधीच विचारा. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या राज्य कायद्यात रात्री साडेनऊनंतर महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि घरी पोचवण्याच्या वाहनासह संरक्षण देणं मालकावर बंधनकारक आहे. "कॅब मिळेल" हे ऑफर मेलमध्ये लिहिलेलं असू द्या. नोकरदार महिलांसाठी केंद्राच्या मदतीने चालणारी सखी निवास वसतिगृहं आहेत, त्यांत जागा कमी असतात. ऑफर आली त्याच दिवशी चौकशी सुरू करा.

ऑफर नाकारायची आहे. घरी कसं सांगू? पप्पा म्हणतात, आलेली नोकरी सोडू नये.

त्यांची भीती खोटी नाही. शेजारचा मुलगा दोन वर्षं घरी बसलेला त्यांना दिसतो. म्हणून नुसतं "पगार कमी आहे" म्हणू नका, वर केला तसा हिशोब एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. हातात किती, खोली किती, हप्ता किती, आणि महिन्याला घरून किती मागावे लागतील. बहुतेक वडील तो कागद दोनदा वाचतात आणि मग स्वतःच विचारतात, "पुढचा इंटरव्ह्यू कधी आहे?"

घरी किती महिने थांबता येईल, तेही त्याच वेळी ठरवा. तीन महिने थांबण्याची ताकद असेल तर ऑफर नाकारा. उद्याच्या किराण्याची पंचाईत असेल तर घ्या आणि नोकरी करता करता शोधत राहा. त्यात कमीपणा नाही, आणि कुणी टोमणा मारला तर त्याला तुमचा किराणा भरावा लागत नाही.

नाही म्हणायचा मेल कसा लिहू?

तीन ओळींत. आभार, या पगारात पुण्यात राहणं शक्य होत नाही हे स्पष्ट कारण, आणि पुढे आकडा बदलला तर कळवा. कारण नक्की लिहा. दहा मुलांनी तेच कारण लिहिलं तर एचआरला ते वरिष्ठांसमोर ठेवता येतं. मी असे मेल पुढे पाठवले आहेत आणि पुढच्या भरतीत आकडा हजार-दीड हजाराने वर सरकलेला पाहिला आहे.

रुजू झालो, पण सात तारीख उलटली तरी पगार आला नाही.

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायलाच हवा, तसा कायदा आहे. आठ तारखेला एचआरला मेल करा, तोंडी नको. बँकेचा तपशील चुकला असेल तर त्यातच उलगडतं. पगार दोन महिने थकला तर तिसऱ्याची वाट बघू नका. ऑफर लेटर, हजेरीचे पुरावे, मेल आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पीएफ कापून भरला नसेल तर ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) तक्रार पोर्टलवर वेगळी तक्रार करा. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तर नव्या वेतन संहितेनुसार राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. "फुल अँड फायनलला (शेवटच्या हिशोबाला) पंचेचाळीस दिवस लागतात" असं सांगितलं गेलं, तर हे कलम मेलमध्ये लिहून पाठवा.